गल्ली बंद होती तो दिवस

नगर नियोजन आयोगाच्या कचेरीत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. हुद्दा पाहणी साहाय्यक असा होता, पण तो हजेरीपत्रकापुरताच. सव्वीस वर्षं ती शहरातल्या गल्ल्या पालथ्या घालत होती. हातात लाकडी पाटी, पाटीला चिमट्याने लावलेले फॉर्म, कानामागे पेन्सिल. कुठल्या घरात किती माणसं राहतात, खाली दुकान आहे की शिवणयंत्रं, मागच्या अंगणात पत्र्याची शेड कधी उभी राहिली, हे सगळं ती विचारायची आणि लिहायची. तिच्या फॉर्मांवरून नकाशेवाला नकाशा रंगवायचा. राहती वस्ती पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, बागा हिरव्या. मग तो नकाशा आयोगाच्या सात सभासदांपुढे जायचा, आणि पुढच्या वीस वर्षांत शहरात कुठे काय राहणार आणि कुठून काय उठणार, हे ते ठरवायचे. सातांपैकी फार थोड्यांनी त्या गल्ल्या पायी तुडवल्या होत्या. बाकीच्यांचे डोळे म्हणजे मोजणीबाई.

तिला याचा थोडा अभिमानही होता. "माझ्या पायांवर हे शहर उभं आहे," असं एकदा ती घरी म्हणाली होती. नवरा शाळेत गणित शिकवायचा आणि बोलायला तिरकस होता. वह्या तपासता तपासता तो म्हणाला, "तरीच कुठे कुठे खचतं." दोघंही हसली होती.

नवा विकास आराखडा करायचा ठरला तेव्हा पाहणीला माणसं होती दोन. एक ती, आणि दुसरा एक जण पाठीच्या दुखण्याने रजेवर. आठवड्याला चारशे मिळकती उरकायच्या होत्या. अशाच एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास ती दारवाल्यांच्या गल्लीत पोचली.

या गल्लीला दुसरं काही नाव असेलही, पण लोक दारवाल्यांची गल्लीच म्हणत. शहरात कुठेही जुनं घर पाडलं, की त्याची दारं, खिडक्या, चौकटी इथे येत. इथले सुतार त्यांचे खिळे उपटत, रंगाचे थर खरवडत, कुजलेला भाग कापून नवा तुकडा जोडत, रंधा मारत, बिजागऱ्या बदलत आणि पुन्हा विकत. खाली काम, वर बिऱ्हाड. पाच मीटर रुंदीच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना भिंतीला टेकवलेली दारं असायची आणि मधून माणसं वाट काढायची. तिथे इतकी दारं असतात की खरं कुठलं ते कळत नाही, असा विनोद सगळे करत.

त्या दिवशी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी कुलुपं. तिने एक दार वाजवलं, मग दुसरं, मग थोडं पुढे जाऊन तिसरं. कोणी ओ दिली नाही. एक कुत्रं पायरीवरून मान उचलून बघत राहिलं. तिने वर पाहिलं, तर खिडक्याही लावलेल्या. खाली पाहिलं, तेव्हा लाकडाच्या कुरळ्या ढलप्या पडलेल्या होत्या, पांढऱ्या, अजून वास येणाऱ्या. एका ओट्यावर सरसाचं भांडं होतं आणि त्यातला ब्रश वाळलेला नव्हता. हे तिने पाहिलं. पाहिलं आणि एकतीस फॉर्मांवर 'बंद' असं पेन्सिलने लिहून ती पुढच्या रस्त्याला लागली.

नियमाप्रमाणे बंद मिळकतीला आणखी दोनदा भेट द्यायची असते. संध्याकाळी तिने साहेबांपुढे विषय काढला.

"शुक्रवारी गोषवारा पाठवायचाय," साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलावर तेव्हा वरून आलेली तीन स्मरणपत्रं होती. "फॉर्मवर बंद असा रकाना आहे का?"

"नाही. वापरात, वापरात नाही आणि मोकळा भूखंड. तीनच."

"मग बंद म्हणजे या तिन्हींतलं काय?"

"परत जाऊन येते, साहेब. दोन दिवस द्या."

"दोन दिवस माझ्याकडे असते, तर मीच घेतले असते," साहेब म्हणाले आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले.

ती आपल्या जागेवर आली. पेन्सिलने लिहिलेलं खोडरबराने पुसलं आणि एकतीस वेळा 'वापरात नाही' या रकान्यात शाईने खूण केली. प्रत्येक फॉर्मखाली सही केली. पाचच मिनिटांचं काम होतं.

*

सव्वा वर्षाने आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. कचेरीच्या दालनात भिंतभर नकाशे लागले आणि हरकती घ्यायला खिडकी उघडली. मुदत तीस दिवसांची. लोकांची ही रीघ लागली. कोणाच्या अंगणातून रस्ता जात होता, कोणाला समोरची बाग शाळेसाठी हवी होती, एक गृहस्थ तर आपल्या शेजाऱ्याचं घर नकाशात आपल्यापेक्षा मोठं का दिसतं म्हणून भांडायला आले होते. खिडकीवर मोजणीबाईला बसवलं होतं, कारण गल्लीबोळ तिला तोंडपाठ होते. अर्ज घ्यायचा, क्रमांक टाकायचा, शिक्का मारायचा, पोच द्यायची.

बाविसाव्या दिवशी एक म्हातारा खिडकीशी आला. साठी उलटलेली, अंग सडपातळ, बोटांच्या पेरांत रोगण मुरून काळपट झालेलं. त्याच्या मागे पाच-सहा जण होते आणि ते त्याला थोरले मिस्त्री म्हणत होते.

"हरकत कशाबद्दल आहे?" तिने विचारलं.

"आम्ही आहोत, याबद्दल."

तिला वाटलं म्हातारा गंमत करतोय. तिने वर पाहिलं. तो गंमत करत नव्हता.

"आमच्या गल्लीवर लिहिलंय, वापरात नसलेली गोदामं. आणि तिथे बहुमजली वाहनतळाचं आरक्षण टाकलंय. आम्ही तिथे राहतो, बाई. मी तर जन्मलोच तिथे. वापरात नाही म्हणजे नक्की काय, ते आम्हाला कोणी सांगेना."

तिचा शिक्क्यावरचा हात तसाच राहिला. मिस्त्रींनी खिशातून अहवालाच्या परिशिष्टाची एक प्रत काढली, घडी उलगडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही पाहणीची तारीख. बरोबर आहे का? छपाईची चूक नाही ना?"

तिने पाहिलं. "बरोबर असावी."

"मग आता कळलं," मिस्त्री मागच्या माणसांकडे वळून म्हणाले. मग पुन्हा तिच्याकडे. "त्या दिवशी माझ्या मुलाला स्मशानात पोचवायला गेलो होतो. सगळी गल्ली आली होती. एक माणूस मागे राहिला नाही. आले असतील तुमचे लोक, तर त्यांना बंदच दिसलं असणार. त्यांची काही चूक नाही. आधी कोणी सांगितलं असतं, तर एकाला घरी बसवलं असतं."

हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला, जणू पाहुणे आले आणि आपण घरी नव्हतो याची त्याला खंत होती. अर्जावर शिक्का मारून तिने पोच दिली. आपण कोण हे तिने सांगितलं नाही. रांग मोठी होती, ही सबब तिने स्वतःला दिली.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वह्या बाजूला सारून ऐकत होता.

"तुला तेव्हा काय वाटलं होतं? गल्ली चालू आहे की नाही?"

"ढलप्या ताज्या होत्या."

"म्हणजे गणित तुला बरोबर सुटलं होतं," तो म्हणाला. "उत्तर तू चुकीचं लिहिलंस."

या वेळी त्याच्या आवाजात तिरकसपणा नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं.

*

रविवारी ती पाटी आणि कोरे फॉर्म घेऊन दारवाल्यांच्या गल्लीत गेली. गल्ली चालू होती. करवतीचा आवाज, हातोडीचा आवाज, कोणाचं तरी रेडिओवरच्या गाण्यात मिसळलेलं खोकणं. थोरल्या मिस्त्रींच्या ओट्यावर एक तिशीची बाई दाराचा जुना रंग खरवडत बसली होती. ती त्यांची सून. नवरा गेल्यावर तिने त्याचीच हत्यारं हातात घेतली होती.

मिस्त्रींनी मोजणीबाईला ओळखलं. "या, बाई. खिडकीवरच्या बाई आल्यात," ते सुनेला म्हणाले आणि एका स्टुलावरचा भुसा हाताने झटकला.

ती बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "त्या दिवशी इथे मीच आले होते. फॉर्मवर सही माझी आहे."

मिस्त्रींनी रंधा थांबवला. त्यांनी रंध्याच्या पात्यात अडकलेली ढलपी काढली, ती बोटांत चुरली आणि खाली टाकली. बोलली ती सून.

"दार वाजवलं होतं?"

"तीन दारं वाजवली."

"एकतीसातली तीन," सून म्हणाली आणि पुन्हा खरवडायला लागली.

मोजणीबाईने त्या दिवशी सगळी गल्ली नव्याने मोजली. बातमी पसरली, तसे काही जण तोंड फिरवून बसले, काही जण स्वतःहून पुढे आले. एकाने तिला शिव्या दिल्या आणि मग तिच्याबरोबर फिरून सगळ्या खोल्या दाखवल्या. "याला दोनदा मोजू नका हां," तो एका बिनलग्नाच्या भावाकडे बोट दाखवून म्हणाला, "हा जेवतो इकडे आणि झोपतो तिकडे." लोक हसले, तीही हसली आणि लगेच गप्प झाली. एकतीस घरं, सत्तावीस कारखाने, एकशे चौसष्ट माणसं. संध्याकाळ झाली तेव्हा तिच्या पाटीवर एकही कोरा फॉर्म उरला नव्हता.

सोमवारी तिने तो गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी तो उघडला नाही. नुसता हात ठेवून बसले. "हे मी घेतलं, तर मला पुढे पाठवावं लागेल. पुढे पाठवलं, की कोणी तरी विचारणार, अशी आणखी किती ठिकाणं? तुम्हाला माहीत आहे किती?"

"चारशे बारा," ती म्हणाली. तिने रविवारी रात्री आपल्या रोजच्या टिपणवहीवरून मोजली होती. ही गल्ली सोडून पूर्ण शहरात, तिच्या सहीने, 'बंद'चं 'वापरात नाही' झालेल्या चारशे बारा मिळकती.

"अख्खा आराखडा कोसळेल, बाई."

"किंवा दुरुस्त होईल."

"तुम्हाला नोकरीची दोन वर्षं राहिलीत. मला पाच." त्यांनी गठ्ठा तिच्याकडे सरकवला. "मी हे पाहिलं नाही. तुम्हाला सुनावणीत नागरिक म्हणून काही बोलायचं असेल, तर मी तुम्हाला अडवू शकत नाही. याहून जास्त मला जमणार नाही."

ती गठ्ठा उचलून बाहेर आली. दारातच नकाशेवाला उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "मी रंग बदलून देईन," तो हळूच म्हणाला, "पण कुठला रंग द्यायचा, ते तुम्ही सांगा." तेव्हा तिला त्या बोलण्याचा अर्थ कळला नाही.

*

सुनावणी आयोगाच्या सभागृहात होती. घोड्याच्या नालासारखं टेबल, त्यामागे सात खुर्च्या, समोर एक माइक आणि माइकच्या बाजूला घड्याळ. दर हरकतीला चार मिनिटं. गल्लीतली पन्नासेक माणसं स्वच्छ कपडे करून आली होती. आत जागा नव्हती म्हणून अर्धी जिन्यावर उभी राहिली.

थोरले मिस्त्री दीड मिनिट बोलले. आम्ही आहोत, आमची घरं आहेत, आमचं काम चालू आहे, असं तीन वाक्यांत सांगून ते थांबले आणि उरलेला वेळ कसा घालवावा ते न कळून माइकशी उभे राहिले. मग मोजणीबाई पुढे झाली. मागच्या भिंतीशी उभ्या साहेबांनी मान खाली घातली.

तिने सांगितलं. तारीख, वेळ, तीन दारं, ताज्या ढलप्या, ओला ब्रश, तीन रकान्यांचा फॉर्म. साहेबांचं नाव तिने घेतलं नाही. "खोटी नोंद मी केली," ती म्हणाली. "ही खरी मोजणी. अशाच आणखी चारशे बारा नोंदी आहेत. त्याही परत तपासाव्यात." तिचा आवाज शेवटपर्यंत नीट राहिला, फक्त गठ्ठा टेबलावर ठेवताना दोन फॉर्म खाली पडले आणि ते उचलायला वाकल्यावर तिला पटकन सरळ होता येईना.

अध्यक्ष वयस्कर होते, निवृत्त न्यायाधीश. त्यांनी फॉर्म चाळले आणि म्हणाले, "पाहणीत गंभीर त्रुटी झाली आहे, हे आयोग मान्य करतो. या कुटुंबांची आयोग माफी मागतो." जिन्यावर कोणीतरी टाळी वाजवली. मोजणीबाईच्या छातीवरचं ओझं जरा हललं. तिला वाटलं, झालं.

तेवढ्यात सभासदांपैकी एका वास्तुकार बाईंनी विचारलं, "मग या गल्लीला आता रंग कुठला द्यायचा?"

आणि तिथे गाडी अडली. पिवळा दिला, तर गल्ली राहती वस्ती, म्हणजे करवती आणि रंधे बेकायदा. जांभळा दिला, तर कारखाने, म्हणजे वरची बिऱ्हाडं बेकायदा. मिश्र वापराचा एक वेगळा पट्टा नियमावलीत होता, त्यात खाली काम वर घर चालत होतं, पण त्यासाठी समोरचा रस्ता निदान नऊ मीटर हवा. गल्ली पाच मीटरची. लाकूड आणि रोगणाचा साठा, त्यात आगीचा बंब आत शिरत नाही, असं अग्निशमन खात्याचं पत्रही फाइलला होतं. वास्तुकार बाईंनी मनापासून वाट शोधली. नियमावलीची पानं मागे-पुढे उलटली, बाजूच्या सभासदाशी कुजबुजल्या, रस्ता एका बाजूने रुंद करता येईल का ते विचारलं. केला असता, तर एका बाजूची सोळा घरं पडत होती.

"तुम्ही आहात, हे आम्हाला पटलंय," त्या शेवटी मिस्त्रींना म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण तुम्ही जसे आहात, तसा आमच्याकडे रंगच नाही."

"रंग आम्ही खरवडून काढतो, बाई," मिस्त्री म्हणाले. "आम्ही कधी मागितला नव्हता."

निकाल पंधरा दिवसांनी लागला. हरकत अंशतः मान्य. 'वापरात नसलेली गोदामे' हे शब्द काढून टाकावेत, त्या जागी 'विसंगत वापर' असे लिहावे. आरक्षण कायम. मात्र एकतीसही कुटुंबं आता पुनर्वसनाला पात्र. घरं शहराच्या उत्तर टोकाला, पिवळ्या पट्ट्यात. ज्यांना काम चालू ठेवायचं त्यांना गाळे दक्षिण टोकाला, जांभळ्या पट्ट्यात. मधलं अंतर बसने दोन तासांचं.

त्या चारशे बारा नोंदी मात्र तपासायचा हुकूम झाला. तीन नव्या माणसांनी ते काम केलं. सत्त्याण्णव ठिकाणी माणसं राहत होती. त्यातली बरीच पिवळ्या पट्ट्यातलीच निघाली आणि नुसता शब्द बदलून वाचली. मोजणीबाईला हे नकाशेवाल्याकडून कळलं, कारण तोवर तिच्यावर ठपका ठेवून तिची बदली तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली होती. तिथे खिडकी नव्हती. जुने नकाशे गुंडाळून फळ्यांवर ठेवलेले होते आणि तिने ते क्रमाने लावायचे होते. साहेबांना काही झालं नाही. ते अधूनमधून जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत येत, "बरं चाललंय ना, बाई?" असं विचारत आणि उत्तर ऐकायच्या आत वळत.

*

गल्ली रिकामी झाल्यावर चार महिन्यांनी ती उत्तर टोकाच्या त्या इमारतींमध्ये गेली. जावं की नाही, यावर तिने बरेच रविवार घालवले होते. मिस्त्री सहाव्या मजल्यावर राहत होते. लिफ्ट चालू नव्हती.

दार मिस्त्रींनीच उघडलं. ते खूप वाळले होते, पण तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला. दोन खोल्या, स्वच्छ, रंगाचा वास अजून येणाऱ्या. हत्यारं कुठे दिसत नव्हती.

"दिली वाटून," ते म्हणाले. "जांभळ्यात चौघं गेले ना, त्यांना. मी इथे आल्या आल्या एक स्टूल करायला घेतलं होतं. दोन दिवस रंधा मारला, तिसऱ्या दिवशी खालून चिठ्ठी आली. राहती वस्ती आहे, आवाज करू नये. त्यांचंही बरोबर आहे. रात्रपाळीची माणसं झोपतात दिवसा." त्यांनी तिला अर्धवट स्टूल दाखवलं. तीन पाय बसवलेलं, चौथा शेजारी भिंतीला उभा. "तुमच्या त्या बाकीच्या नोंदींचं काय झालं?"

तिने सत्त्याण्णवचा आकडा सांगितला. मिस्त्रींनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि मान डोलावली. "बरीच झाली की. चला, कोणाचं तरी भलं झालं." हे ते मनापासून म्हणाले. तिला तिथे बसवेना.

त्यांनी स्वतः चहा केला. चहा पिताना बोलणं हळूहळू मुलावर गेलं. तो कसा बारा वर्षांचा असताना एका रात्रीत अख्खी चौकट एकट्याने जोडून बसला होता. करवतीच्या पट्ट्याने कसा घात केला. दवाखान्यात पोचेपर्यंत कसा शुद्धीत होता आणि दुकान बंद केलं का, असं कसं विचारत होता. सांगता सांगता ते मध्येच थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. तास होऊन गेला. चहा कपातच निवला.

सून पाळी संपवून आली तेव्हा मोजणीबाई उठायलाच झाली होती. सून आता एका कारखान्यात खोकी भरायचं काम करत होती. अंगावर तिथला निळा डगला होता. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, कपांकडे पाहिलं आणि पायातली चप्पल न काढताच म्हणाली, "चला, तुम्हाला जिन्यापर्यंत सोडते."

जिन्याशी आल्यावर ती कठड्याला टेकून म्हणाली, "तुम्ही त्या सातजणांपुढे बोललात, ते मी ऐकलं. मी आतच होते. सगळ्यांना जमलं नसतं. म्हणून तुम्हाला मी वाईट म्हणणार नाही."

मोजणीबाई एक पायरी उतरली.

"पण तुम्ही आज आलात, म्हणजे आता चार दिवस ते जेवणार नाहीत नीट. तुमच्यापुढे हसतील, तुम्हाला चहा देतील. त्यांच्या हातात दुसरं काही उरलंच नाही, नुसतं आठवत बसणं उरलंय. मी दिवसभर नसते. एकटे असतात." ती थांबली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला इथून जाताना हलकं वाटत असेल. मला कळतं ते. पण ते ओझं कुठे जातं, तेही मला दिसतं. पुन्हा येऊ नका."

"नाही येणार," मोजणीबाई म्हणाली.

सहा मजले ती सावकाश उतरली. प्रत्येक मजल्यावर आठ दारं होती, सगळी एकाच साच्यातून काढलेली, पातळ, वर लाकडाचं चित्र छापलेलं.

तिने शब्द पाळला. वर्षभर ती तिकडे फिरकली नाही. गल्लीच्या जागी वाहनतळ उभा राहिला. नकाशेवाला सांगायचा की वरचे दोन मजले अजून रिकामेच असतात, तिथे कबुतरं राहतात. निवृत्तीला तीन महिने उरले असताना एका सकाळी पुनर्वसन शाखेकडून नावबदलाचे कागद अभिलेख कक्षात आले. दहा-बारा अर्ज होते, नेहमीचेच. पाचवा अर्ज उत्तर टोकाचा होता, सहावा मजला. मूळ घरधारक मयत, घर सुनेच्या नावे करावे. सोबत दाखला. दाखल्यावरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती.

तिने अर्ज पुन्हा वाचला. मग नोंदवही उघडून जुन्या नावावर रेघ ओढली, नवं लिहिलं आणि सही केली. दुपारी ती लवकर घरी गेली. नवऱ्याने शाळेतून येऊन विचारलं, "आज काय झालं?" तेव्हा ती म्हणाली, "मिस्त्री गेले." मग दोघंही खिडकीशी बसून राहिली.